विद्युत् धक्का-प्रतिबंध, औद्योगिक

कारखाने, वीज केंद्रे, तारमार्ग, खाणी, बांधकामे, लोहमार्ग, शेती इ. कामाच्या ठिकाणी माणसाच्या शरीरातून विद्युत् प्रवाह वाहू नये, वाहिल्यास तो जीवघेणा ठरण्यापूर्वी खंडित व्हावा आणि इतके करूनही धक्का बसल्यास कामगाराचे प्राण वाचावेत, यांसाठी योजावयाच्या उपायांना औद्योगिक विद्युत् धक्का-प्रतिबंध असे म्हणतात. या उपायांचा इतिहास सु. 140 वर्षांचा आहे. आरंभी सर्व भिस्त कामगाराच्या सावधगिरीवर होती. त्याचे लक्ष चुकले, तरी तो वाचेल अशी यंत्रणाच उभारली पाहिजे, हा विचार रूढ होण्यास त्यांपैकी निम्म्याहून अधिक काळ लागला.

धक्क्याची तीव्रता शरीरातून किती प्रवाह वाहतो, तो कोणत्या मार्गाने जातो व किती वेळ टिकतो यांवर अवलंबून असते. कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो. परंतु त्वचा घामाने वा पाण्याने भिजली म्हणजे एका हातापासून पायांपर्यंतचा रोध 1,000 ओहमच्या आसपास उतरू शकतो. अशा माणसाचा 230 व्होल्ट दाबाच्या तारेला स्पर्श झाल्यास त्याच्या शरीरातून सु. 230 मिलिअँपिअर प्रवाह वाहील. 40 वॉटचा दिवा पेटण्यास सु. 175 मिलिअँपिअर प्रवाह लागतो, हे ध्यानात घेतल्यास मृत्यूस किती थोडी वीज पुरते याची कल्पना येते. घरगुती दाबाची वीज ‘साधी’ आणि मनोऱ्यावरील तारांतील वीज तेवढी ‘धोक्याची’, ही लोकसमजूत या विषयाच्या इतिहासात पुनःपुन्हा आडवी आलेली आहे.

आरंभीच्या दुर्घटना : तारायंत्रांच्या काळात विद्युत् घटांपासून मिळणारा प्रवाह क्षीण असल्याने उघड्या तारा हाताळणे ही नित्याची गोष्ट होती. तार जिवंत आहे की नाही हे बोटाने अथवा जिभेने पाहण्याची पद्धत कारागिरांत इतकी रुळलेली होती, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही अमेरिकेत वीज कारागिरांसाठी प्रसिद्ध झालेल्या टेरेल क्रॉफ्ट यांच्या सुप्रसिद्ध हस्तपुस्तकात 250 व्होल्टपर्यंतच्या दाबासाठी बोटांनी चाचणी घेण्याची रीत दिलेली होती. जनित्रांचा प्रसार झाल्यावर परिस्थिती पालटली. 1879 मध्ये फ्रान्समधील ल्याँ येथे रंगभूमीवर काम करणारा एक सुतार सु. 250 व्होल्ट दाबाच्या प्रत्यावर्ती (दिशा सतत उलटसुलट होणाऱ्या) प्रवाहाने मृत्यू पावला. कृत्रिम रीतीने निर्माण केलेल्या विजेचा हा पहिला बळी मानला जातो. 1881 च्या अखेरीस इंग्लंडमध्ये लॉर्ड सॉल्झबरी यांच्या हॅटफील्ड हाउस या निवासस्थानाच्या आवारात दिव्यांच्या उघड्या तारांना स्पर्श होऊन एक तरुण मजूर मरण पावला. पहिल्या बळींमध्ये सुतार व मजूर असावेत हे लक्षणीय आहे. वीज ही काय वस्तू आहे हे जाणणाऱ्यांपेक्षा तिच्या आसपास दुसरे काही काम करणाऱ्यांनाच तिचा अधिक धोका असतो, ही गोष्ट पुढेही अनेकदा दिसून आली.

अमेरिकेत 1880 च्या दशकात एकदिश प्रवाह व प्रत्यावर्ती प्रवाह यांच्या पुरस्कर्त्यांमधील व्यापारी स्पर्धेमुळे विजेच्या प्राणघातकतेची चर्चा वृत्तपत्रांत गाजू लागली. ती बव्हंशी प्रतिस्पर्ध्याच्या प्रवाहाला बदनाम करण्यासाठी होती. कामगारांच्या संरक्षणाचा प्रश्न तीत गौणच राहिला. न्यूयॉर्क शहराच्या रस्त्यांवर त्या वेळी तारायंत्र, दूरध्वनी व दिवे यांच्या तारांचे जाळे एकाच खांबांवरून गेलेले असे. 11 ऑक्टोबर 1889 रोजी जॉन फीक्स हा लाइनमन दुपारच्या वेळी भर रस्त्यात खांबावर चढून तारायंत्राच्या तारांवर काम करीत होता. या तारा कमी दाबाच्या, म्हणून निर्धोक समजल्या जात. परंतु त्यांपैकी एक तार काही अंतरावर दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारेला टेकली होती. फीक्सचा देह सु. पाऊण तास तारांत अडकून राहिला आणि हजारो लोकांनी तो पाहिला. त्यानंतर शहरातील सदोष तारा तोडून टाकण्यास व त्या जमिनीखाली नेण्यास वेग आला. या घटनेचे खरे महत्त्व मात्र निराळे आहे. जी तार मृत समजली जाते ती तशी आहे याची खात्री केवळ समजुतीवर सोडता येत नाही, हे तीमुळे उघड झाले. दुरून, अन्य मार्गाने तारेत शिरलेल्या विजेने लाइनमन दगावण्याचे प्रसंग आजही घडतात.

नियमांचा उगम : विद्युत् मांडणीविषयीचे पहिले नियम माणसांसाठी नव्हते, इमारतींसाठी होते. 1882 मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ टेलिग्राफ इंजिनिअर्स अँड ऑफ इलेक्ट्रिशियन्स या संस्थेने केलेल्या नियमांच्या शीर्षकात विद्युत् दिव्यांपासून उद्‌भवणाऱ्या आगीच्या धोक्याचाच उल्लेख होता. शरीराला पोहोचणाऱ्या धोक्यासंबंधी थोडा मजकूर त्यांत शेवटी आला होता. अमेरिकेतील 1897 च्या राष्ट्रीय विद्युत् संहितेमागेही आगीचा विमा उतरविणाऱ्या कंपन्यांची प्रेरणा प्रमुख होती. आग लागली म्हणजे विमा कंपनीचे नुकसान होते, कामगार मेला म्हणजे होत नाही, असा रोखठोक हिशेब या क्रमामागे दिसतो.

कामगारांनी स्वतःच्या बाजूने केलेला प्रयत्न येथे नमूद केला पाहिजे. 1891 मध्ये अमेरिकेतील सेंट लूइस येथे वीज कामगारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. हेन्री मिलर हा तिचा पहिला अध्यक्ष स्वतः लाइनमन होता. 1896 मध्ये वॉशिंग्टन येथे तारांवर काम करीत असताना धक्का बसून तो खांबावरून पडला व मरण पावला. पुरेशा उमेदवारीशिवाय कोणासही खांबावर चढवू नये, तसेच जिवंत तारांवर एकट्याने काम करावयास लावू नये, या मागण्या संघटनेने पुढील काळात लावून धरल्या.

ग्रेट ब्रिटनमध्ये 1902 साली गिल्बर्ट स्कॉट रॅम यांची कारखान्यांचे पहिले विद्युत् निरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि 1908 मध्ये कारखान्यांतील विजेच्या वापरासंबंधीचे विशेष नियम करण्यात आले. कामगारांचे संरक्षण हाच हेतू असलेल्या आरंभीच्या विद्युत् नियमांत त्यांना महत्त्वाचे स्थान आहे. धातूचे जे भाग एरव्ही विद्युत् भारित नसतात ते चुकूनही भारित होऊ नयेत अशी तजवीज करणे, तांत्रिक ज्ञान लागणारे काम अधिकृत व जाणत्या माणसानेच करणे, धक्का बसलेल्या माणसावर करावयाच्या उपचारांचा फलक लावणे इ. तरतुदी त्यांत होत्या. पुढे भारतातील नियमांवर या नियमांची छाप पडली.

मृत्यूच्या कारणाचा शोध : विजेने माणूस नेमका कशाने मरतो हे कळेपर्यंत प्रतिबंधक साधनांना निश्चित मोजमाप मिळणे शक्य नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन दार्सोंव्हाल यांनी 1887 च्या सुमारास असे मत मांडले, की विजेच्या धक्क्याने श्वसन थांबते. म्हणून अशा माणसावर बुडालेल्या माणसाप्रमाणेच उपचार करावेत. त्यामुळे कृत्रिम श्वसन हा मुख्य उपाय ठरला. 1903 मध्ये एडवर्ड शेफर यांनी सुचविलेली, माणसाला पालथे निजवून पाठीवर दाब देण्याची पद्धत जगभर स्वीकारली गेली. भारतातील वीज उपकेंद्रांच्या भिंतींवर तिची चित्रे असलेले फलक अनेक दशके टांगलेले असत. ती पद्धत वैद्यकाने सोडून दिल्यानंतरही ते फलक कित्येक ठिकाणी तसेच राहिले.

वास्तविक 1899 मध्येच जिनीव्हा येथील झां-लूई प्रेव्हो व फ्रेडेरिक बातेली यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवून दिले होते, की क्षीण विद्युत् प्रवाहाने हृदयाच्या निलयांचे (खालच्या कप्प्यांचे) तंतुकंपन सुरू होते. म्हणजे हृदयाचे स्नायू एकतानतेने आकुंचन न पावता विस्कळीतपणे थरथरत राहतात व रक्ताभिसरण थांबते. अधिक तीव्र धक्का दिल्यास हे कंपन थांबू शकते, असेही त्यांना आढळले होते. या निष्कर्षांकडे सु. पाव शतक फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 1920 च्या दशकात लाइनमनांच्या वाढत्या मृत्यूंमुळे चिंतित झालेल्या अमेरिकेतील वीज कंपन्यांनी संशोधनास पैसा पुरविला, तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विद्युत् अभियंते विल्यम कौवेनहोव्हन यांनी हा धागा पुन्हा उचलला. त्यांच्या गटाने 1957 मध्ये छाती न उघडता हृदयाला धक्का देणारे उपकरण सिद्ध केले. ते सु. 90 किग्रॅ. वजनाचे असल्याने खांबापर्यंत नेणे अशक्यच होते. मात्र प्रयोग करीत असताना गाय निकरबॉकर या तरुण अभियंत्याच्या लक्षात आले, की उपकरणाची अग्रे छातीवर नुसती दाबली तरी रक्तदाब थोडा वाढतो. या निरीक्षणातून छातीवर लयबद्ध दाब देण्याची पद्धत निघाली व 1960 मध्ये ती प्रसिद्ध झाली. आज हृदयविकारासाठी सर्वत्र शिकविली जाणारी ही पद्धत मुळात तारांवर मरणाऱ्या कामगारांच्या प्रश्नातून जन्मास आली, हे फारसे ज्ञात नाही.

मोजमापांच्या दृष्टीने कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅलझील यांचे कार्य महत्त्वाचे आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाने हाताच्या स्नायूंचे आकुंचन होऊन मूठ आवळली जाते व माणसाला तार सोडता येत नाही. ‘विजेने ओढून घेतले’ असे लोक म्हणतात ते यामुळेच. कोणत्या प्रवाहापर्यंत माणूस स्वतःहून हात सोडवू शकतो, हे डॅलझील यांनी 134 पुरुष व 28 स्त्रिया अशा स्वेच्छेने पुढे आलेल्या निरोगी व्यक्तींवर प्रयोग करून ठरविले. सेकंदाला 60 आवर्तनांच्या प्रवाहासाठी पुरुषांच्या बाबतीत ही मर्यादा सरासरीने 16 मिलिअँपिअर, तर स्त्रियांच्या बाबतीत 10.5 मिलिअँपिअर आढळली. बहुतेक सर्वांना निर्धोक अशी मर्यादा याहून बरीच खाली धरावी लागते. हृदयाचे तंतुकंपन सुरू होण्यास किती प्रवाह लागतो हे अर्थातच माणसांवर पाहता येत नाही; ते प्राण्यांवरील प्रयोगांवरून अनुमानाने काढण्यात आले. साधारणपणे 50 ते 100 मिलिअँपिअर प्रवाह सेकंदाहून अधिक काळ वाहिल्यास हा धोका संभवतो.

संरक्षक साधने : या आकड्यांमुळे एक जुना गैरसमज उघडा पडला. वितळतारेमुळे माणसाचे संरक्षण होते अशी सर्वसाधारण समजूत होती व अजूनही आहे. 5 अँपिअरची वितळतार वितळण्यासाठी 5,000 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह वाहावा लागतो. माणूस त्याच्या शंभराव्या भागातही मरू शकतो. वितळतार मुळात तारा अतितप्त होऊन आग लागू नये म्हणून योजलेली आहे. तिच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळणाऱ्या कारागिराने ते संरक्षणही काढून टाकलेले असते, ही गोष्ट वेगळी.

यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला चुकून जिवंत तार टेकल्यास माणसाचे रक्षण व्हावे, यासाठी ‘अर्थिंग’ या नावाने सर्वपरिचित असलेले भूसंपर्कन वापरतात. सांगाडा जाड तारेने जमिनीत पुरलेल्या नळीस अथवा पत्र्यास जोडलेला असल्यास दोषाच्या वेळी मोठा प्रवाह वाहतो व वितळतार वितळून यंत्र बंद पडते. परंतु यासाठी जमिनीचा रोध पुरेसा कमी असावा लागतो. महाराष्ट्रातील कातळाच्या जमिनीत तो मुळातच अधिक असतो, आणि काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळली म्हणजे पावसाळ्यात चांगले असलेले भूसंपर्कन निकामी ठरू शकते. नळीभोवती मीठ व कोळशाचे थर घालणे, खड्ड्यात वेळोवेळी पाणी ओतणे व रोध मापून त्याची नोंद ठेवणे हे उपाय यासाठीच सांगितलेले आहेत. यांपैकी शेवटचा सर्वांत महत्त्वाचा असून सर्वांत जास्त टाळला जातो. तुटलेली भूसंपर्क तार दिसून येत नाही, कारण तिच्यावाचून यंत्र उत्तम चालते.

दुसरा उपाय दाबच कमी ठेवण्याचा होय. ब्रिटनमध्ये बांधकामांवरील हत्यारांसाठी 110 व्होल्टचे रोहित्र वापरण्याची प्रथा पडली. त्याच्या गुंडाळीचा मध्यबिंदू जमिनीस जोडलेला असल्याने कोणत्याही तारेचा जमिनीसापेक्ष दाब 55 व्होल्टच राहतो. भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमाने टाक्या, खड्डे, मोठे नळ यांसारख्या कोंदट जागी 24 व्होल्टहून अधिक दाबाचे हातदिवे नेण्यास निर्बंध घातला. चारही बाजूंनी धातूने वेढलेला, घामाने भिजलेला कामगार धक्क्याला जितका उघडा असतो तितका क्वचितच दुसरा कोणी असतो. हातातील छिद्रण यंत्रासारख्या साधनांना निरोधकाचे दुहेरी आवरण देण्याची पद्धतही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. अशा साधनावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते व त्याला भूसंपर्काची गरज नसते.

तथापि या क्षेत्रातील निर्णायक शोध भूगळती मंडल-खंडकाचा होय. मंडलात जाणारा प्रवाह व परत येणारा प्रवाह यांची हे साधन सतत तुलना करते. त्यांत फरक पडला म्हणजे काही प्रवाह अन्य मार्गाने, कदाचित माणसाच्या शरीरातून, जमिनीत जात आहे असे समजून ते मंडल तोडते. आरंभीच्या साधनांची संवेदनक्षमता कमी होती. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल व दमट खाणींतील धक्क्यांचा प्रश्न सोडविण्यासाठी आंरी रूबिन यांनी 1955 च्या सुमारास अधिक संवेदनक्षम साधन तयार केले. ऑस्ट्रियात गोटफ्रीट बीगेलमायर यांनी याच काळात असे काम केले. शरीराचा रोध मोजण्यासाठी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले होते. डॅलझील यांनी 1961 मध्ये अवघ्या 5 मिलिअँपिअर गळतीला सेकंदाच्या चाळिसाव्या भागात मंडल तोडणारे साधन सिद्ध केले. युरोपात व भारतात माणसाच्या संरक्षणासाठी सामान्यतः 30 मिलिअँपिअर ही मर्यादा धरतात. माणूस तारेला चिकटल्यावर, त्याने स्वतः किंवा दुसऱ्या कोणी काहीही न करता, वीज बंद होण्याची सोय या साधनाने प्रथमच झाली. जिवंत व परतीची अशा दोन्ही तारा एकाच वेळी दोन हातांत आल्यास मात्र ते मदत करू शकत नाही, कारण मग जमिनीकडे गळती होतच नाही.

कार्यपद्धती : दुरुस्तीचे काम वीज बंद करून करावे हे सर्वमान्य आहे, अपघात होतात ते वीज बंद केली असे समजून. म्हणून युरोपातील नियमांत पाच पायऱ्या ठराविक क्रमाने सांगितल्या आहेत : पुरवठा सर्व बाजूंनी तोडणे, तो पुन्हा जोडला जाणार नाही अशी व्यवस्था करणे, दाब नसल्याची उपकरणाने खात्री करणे, तारा परस्परांना व जमिनीस जोडणे आणि लगतचे जिवंत भाग झाकणे. दुसऱ्या पायरीसाठी प्रत्येक कामगाराने स्विचला स्वतःचे कुलूप लावून किल्ली खिशात ठेवावी, ही पद्धत अमेरिकेत 1989 मध्ये नियमाने बंधनकारक झाली. भारतात वीज मंडळांच्या कामात ‘लाइन क्लिअर’ परवान्याची लेखी पद्धत आहे. दूरध्वनीवरून तोंडी परवाना घेऊन काम सुरू केल्यास व मध्येच पाळी बदलून दुसरा चालक आल्यास काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. चौथी पायरी, म्हणजे तारा तात्पुरत्या जमिनीस जोडणे, वेळखाऊ वाटल्याने गाळली जाते. परंतु एखाद्या दुकानातील जनित्रातून वा घरातील इन्व्हर्टरमधून वीज उलट दिशेने तारेत आल्यास खांबावरच्या माणसाला तेवढाच आधार असतो.

भारतातील स्थिती : विजेच्या वापरातील धोक्यांपासून व्यक्ती व मालमत्ता यांचे संरक्षण करणारा कायदा भारतात 1887 मध्ये, म्हणजे सार्वजनिक वीजपुरवठा सुरू होण्यापूर्वीच झाला होता. त्यानंतर 1903 व 1910 चे विद्युत् अधिनियम आले. मुंबईत 1907 मध्ये विजेवरील ट्राम सुरू झाली. 1915 मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून सु. 1 लक्ष व्होल्ट दाबाने मुंबईतील गिरण्यांना वीज मिळू लागली. कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या गिरणीत कामगाराला पट्टे व चाके यांचा धोका डोळ्यांना दिसे. नव्या धोक्याला रूप वा आवाज नव्हता. धागा तुटू नये म्हणून मुद्दाम दमट राखलेली हवा व कामगारांचे अनवाणी पाय यांमुळे तो अधिकच वाढे. 1925 मध्ये मुंबईच्या लोहमार्गावर 1,500 व्होल्ट एकदिश दाबाची गाडी धावली. 2016 पर्यंत मुंबईच्या उपनगरी मार्गांवर 25,000 व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाकडे परिवर्तन पूर्ण झाले. वीज बंद केल्याखेरीज तारेपासून 2 मी.च्या आत कोणी जाऊ नये, असा दंडक या दाबासाठी आहे.

1956 च्या भारतीय विद्युत् नियमांनी भूसंपर्कन, अपघाताची सूचना 24 तासांत देणे, उपचारांचे फलक इ. बाबी निश्चित केल्या. कवटी व हाडे यांचे चित्र असलेला, स्थानिक भाषेतही मजकूर लिहिलेला धोक्याचा फलक याच नियमांमुळे गावोगाव पोहोचला. 2003 च्या विद्युत् अधिनियमानंतर केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने 2010 मध्ये व सुधारून 2023 मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले. ठराविक मर्यादेहून अधिक भार असलेल्या मांडणीत भूगळती संरक्षक साधन त्यांनुसार आवश्यक आहे.

कारखान्याला निरीक्षक असतो, शेताला नसतो. महाराष्ट्रात 1960 नंतर विहिरींवर विजेचे पंप मोठ्या प्रमाणावर बसले व शेत हेही विजेच्या कामाचे ठिकाण बनले. तेथे काम करणाऱ्यास कोणतेही प्रशिक्षण नसते. शेतीचा पुरवठा पाळीपाळीने व अनेकदा रात्री मिळत आल्याने ओल्या बांधावरून अंधारात जाऊन पंप सुरू करावा लागतो. पेटीचे झाकण निखळलेले, वितळतारेच्या जागी जाड तार व भूसंपर्काची तार तुटलेली असते. वितळतार गेल्यास लाइनमनची वाट न पाहता शेतकरी स्वतःच काठीने खटका पाडून ती बसवितो. विजेच्या धक्क्याने भारतात अलीकडील वर्षांत दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावल्याचे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांवरून दिसते. या आकड्यांत घर, शेत, कारखाना व रस्ता येथील मृत्यू एकत्र येतात. शेतातील मृत्यू सामान्यतः औद्योगिक अपघातांत मोजला जात नाही आणि अहवालात त्याचे कारण बहुधा निष्काळजीपणा असे लिहिले जाते. स्कॉट रॅम यांच्या काळातील कारखान्यांच्या मालकांचे म्हणणेही याहून फारसे वेगळे नव्हते.